गणपतीत सिनेमा दाखवताय? आधी प्रोजेक्टरचा मेन्यू उघडा

(आमच्या ताज्या भागाचं हे शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी छाटली आहे, बाकी बोलणं आहे तसंच ठेवलंय. ऐकता ऐकता जे आकडे लिहून घ्यायचे राहतात, ते इथे सापडतील.)

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे करतेय. कोथरूडमधले एक श्रोते आहेत, त्यांच्या सोसायटीत गणपतीच्या दहा दिवसांत एक संध्याकाळ सिनेमाची असते. त्यांनी विचारलंय, ‘गेल्या वर्षी जुना मराठी सिनेमा लावला, तर सगळी माणसं बुटकी आणि जाडी दिसत होती, चेहरे पांढरेफटक. ज्यांच्यासाठी लावला ती ज्येष्ठ मंडळी अर्ध्या तासात उठून गेली. या वर्षी “संत तुकाराम” दाखवायचाय. नवा प्रोजेक्टर भाड्यानं घ्यावा का?’

माझं उत्तर आहे, नको. जो आहे तोच घ्या आणि त्याचा मेन्यू उघडा. जाडी माणसं आणि पांढरेफटक चेहरे या दोन्ही तक्रारी सेटिंगच्या आहेत, मशीनच्या नाहीत. पन्नास हजारांचा प्रोजेक्टर आणला आणि सेटिंग तेच ठेवलं, तर माणसं तेवढीच जाडी दिसणार, फक्त जास्त स्पष्ट.

आणि हा सिनेमा नीट दिसायला हवा असं मला जरा जास्तच वाटतं, त्याला कारण आहे. दामले आणि फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला. प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्यात आली. जिथे तो सिनेमा तयार झाला, त्या स्टुडिओच्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. म्हणजे कोथरूडहून रिक्षानं पंधरा-वीस मिनिटं. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली गौरवला गेलेला सिनेमा आपण त्याच गावात, त्याच भाषेतल्या लोकांना दाखवणार, आणि त्यात विष्णुपंत पागनीस आडवे ताणलेले दिसणार, हे काही बरं नाही.

तर या ताणण्यापासूनच सुरुवात करू.

त्या काळातल्या बोलपटांची चौकट जवळपास चौकोनी असायची. उंची १ धरली तर रुंदी १.३७. आजचे टीव्ही, लॅपटॉप आणि बहुतेक प्रोजेक्टर १६:९ चे, म्हणजे १ ला १.७८. आता ही बुटकी चौकट लांब पडद्यात बसवायची कशी? रस्ते तीन. एक, मधोमध आहे तशी ठेवायची आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडायच्या. दोन, आडवी ताणून पडदा भरायचा. तीन, मोठी करून पडदा भरायचा आणि वरखाली जे उरेल ते कापून टाकायचं.

बरोबर फक्त पहिला. ताणलं तर प्रत्येक चेहरा ३० टक्के रुंद होतो, १.७८ भागिले १.३७ करून बघा. आणि मोठं करून कापलं तर चित्राचा जवळजवळ पावभाग जातो. वरून पगडी आणि खालून पाय. तुकोबांच्या सिनेमात पाय कापायचे म्हणजे काय! नाचणारी पावलं, पायाशी बसलेली माणसं, सगळंच गेलं.

पण होतं काय, की कमिटीतलं कुणीतरी येतं आणि म्हणतं, ‘अहो, पडदा पूर्ण भरत नाहीये, बाजूला काळं दिसतंय.’ मग रिमोटवरचं ‘ॲस्पेक्ट’ बटण दाबलं जातं. ‘फुल’, ‘वाइड’, ‘झूम’ असं काहीतरी येतं, पडदा भरतो, सगळे खूश. म्हणून आधीच सांगून ठेवा की काळ्या पट्ट्या राहणार. १९२० बाय १०८० च्या चित्रात दोन्ही बाजूंना साधारण २२०-२२० पिक्सेल काळे राहतात. ती काही खराबी नाही. ती त्या सिनेमाची खरी कड आहे.

आता गोची अशी की हे सेटिंग एका जागी नसतं, तीन जागी असतं. प्रोजेक्टरच्या मेन्यूत असतं, लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये असतं आणि ज्या प्लेअरमध्ये सिनेमा लावता त्यातही असतं. एका ठिकाणची चूक दुसऱ्या ठिकाणी उलटी ताणून दुरुस्त करायला गेलात, तर रात्रभर तेच चालेल. माझी पद्धत सांगते. प्रोजेक्टरमध्ये ॲस्पेक्ट ‘ऑटो’ किंवा ‘नेटिव्ह’ करायचा. लॅपटॉपवर विंडोज आणि पी एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ऐवजी ‘एक्स्टेंड’ किंवा ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ घ्यायचं, म्हणजे लॅपटॉपच्या स्क्रीनचा आकार प्रोजेक्टरवर लादला जात नाही. मग रिझोल्यूशन प्रोजेक्टरचं स्वतःचं जे आहे ते द्यायचं. आणि प्लेअरला ‘डिफॉल्ट’वर सोडायचं.

‘स्वतःचं’ म्हणजे काय? तर खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘१०८०पी सपोर्ट’ लिहिलेलं असतं. सपोर्ट म्हणजे तो सिग्नल घेईल, एवढंच. आतली चिप ८०० बाय ४८० ची सुद्धा असू शकते. माहितीपत्रकात ‘नेटिव्ह’ शब्द शोधा, तो खरा आकडा. शाळेतून किंवा ऑफिसातून मागून आणलेला जुना प्रोजेक्टर बऱ्याचदा १०२४ बाय ७६८ चा, म्हणजे ४:३ चा निघतो. गंमत म्हणजे प्रभातच्या सिनेमाला तोच जास्त शोभतो, पडदा जवळपास पूर्ण भरतो.

सगळं झालं की तपासायचं कसं? डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, दहा मिनिटांत डोळे ताणलेल्या चित्राला सरावतात. लॅपटॉपवर एक गोल काढा, पडद्यावर टाका, आणि सुतळीनं त्याची रुंदी आणि उंची मोजा. सारखी आली तर प्रोजेक्टर आणि लॅपटॉप दोघं सुटले. तरीही सिनेमात माणसं जाडी दिसत असतील, तर फाइलच कुणीतरी आधी ताणून साठवलेली आहे. इंटरनेटवर फिरणाऱ्या जुन्या सिनेमांच्या बाबतीत असं पुष्कळदा होतं. अशा वेळी मात्र प्लेअरमध्ये ४:३ जबरदस्तीनं निवडायचं. व्हीएलसीमध्ये ‘ए’ दाबत राहिलात की एकेक प्रमाण येत जातं.

आता जागा. हे खरं म्हणजे मेन्यूच्याही आधी करायचं काम आहे.

प्रोजेक्टर खुर्चीवर ठेवतात, चित्र खाली पडतं, मग पुढच्या पायाखाली दोन वह्या सारतात. चित्र वर जातं, पण वरची बाजू रुंद आणि खालची अरुंद होते. मग मेन्यूतलं ‘कीस्टोन’ वापरून ते सरळ करतात. दिसायला सरळ होतं, पण हे डिजिटल कीस्टोन काय करतं, तर चिपवरचं चित्रच वाकडं आणि लहान करतं, म्हणजे पडद्यावर ते सरळ पडतं. तुमचे पिक्सेल वाया जातात, उजेड वाया जातो, कडा दातेरी होतात. आणि जुन्या सिनेमात मुळात तपशील कमी शिल्लक राहिलेला असतो, तो असा उधळायचा नाही.

त्यापेक्षा टेबलावर ठेवायच्या बहुतेक प्रोजेक्टरची एक सवय लक्षात घ्या. ते चित्र सरळ समोर टाकत नाहीत, थोडं वर टाकतात. चित्राची खालची कड साधारण लेन्सच्या पातळीवर येते. म्हणून पडद्याची खालची कड जमिनीपासून जितकी उंच, तितक्या उंचीचं टेबल घ्या, प्रोजेक्टर अगदी आडवा ठेवा आणि पडद्याच्या बरोबर मध्यरेषेवर आणा. कीस्टोन शून्य. काही महागड्या मशीनवर ‘लेन्स शिफ्ट’ची चाकं असतात, ती खुशाल फिरवा. त्यात लेन्सच सरकते, चित्राचं काही बिघडत नाही.

अंतराचं गणित सोपं आहे. माहितीपत्रकात ‘थ्रो रेशो’ असतो. तो १.५ असेल तर ८ फूट रुंद चित्राला १२ फूट अंतर लागतं. आणि चित्र किती मोठं करायचं याचा मोह आवरा. तेवढाच उजेड जास्त जागेवर पसरतो. ८ फुटांचं चित्र १२ फुटांचं केलंत, तर पडद्यावरचा उजेड निम्म्याहूनही कमी होतो. ‘गेल्या वर्षीपेक्षा मोठा पडदा’ ही चढाओढ मांडवापुरती ठेवा.

सोसायटीत जागा चिंचोळी असेल, समोर माणसं बसल्यामुळे प्रोजेक्टर ठेवायला वाटच नसेल, तर पडद्याच्या मागून सुद्धा दाखवता येतं. पातळ पांढरं कापड लागतं आणि मेन्यूत ‘रिअर’ निवडावं लागतं, नाहीतर श्रेयनामावली उलटी दिसते. उलटं टांगायचं असेल तर ‘सीलिंग’. ही दोन सेटिंग बघितली की मला नेहमी कल्याणच्या पटवर्धनांची आठवण येते. १८९० च्या दशकात हे कुटुंब ‘शांबरिक खरोलिका’ नावानं मॅजिक लँटर्नचे खेळ करायचं, हातानं रंगवलेल्या काचा आणि सोबत निवेदन. अशा दिव्यात काच मुद्दाम उलटी घालावी लागते, कारण भिंग चित्राला उलटं करतं. त्यांचा मेन्यू म्हणजे त्यांचे हात!

बरं, आता तो पांढराफटक चेहरा.

यात दोष एका शब्दाचा आहे. ‘ब्राइटनेस’. आपल्याला वाटतं की हा वाढवला की प्रोजेक्टरचा दिवा मोठा होतो. तसं नाही. दिव्याचा जोर वेगळ्या सेटिंगमध्ये असतो, तिथे ‘नॉर्मल’ आणि ‘इको’ असं लिहिलेलं असतं. ब्राइटनेस ठरवतो की चित्रातलं काळं किती काळं. तो वाढवलात की काळ्याचं राखाडी होतं आणि सगळ्या चित्रावर धुकं पसरल्यासारखं दिसतं. आणि कॉन्ट्रास्ट ठरवतो की पांढरं किती पांढरं. तो हद्दीबाहेर नेला की उजळ भागातला तपशील जळून जातो. चेहरा, पगडी, उपरणं, सगळं एकच पांढरं ठिगळ.

हे लावायला महागडी उपकरणं लागत नाहीत. सिनेमातच उत्तर आहे. अंधाऱ्या प्रसंगावर थांबा, ब्राइटनेस कमी करत जा. काळे केस आणि मागचा अंधार एकमेकांत मिसळले की एक-दोन घर परत वर या. मग एखाद्या उन्हातल्या प्रसंगावर थांबा आणि कॉन्ट्रास्ट वाढवत न्या. पांढऱ्या धोतराच्या चुण्या दिसेनाशा होतील, तिथून चुण्या परत दिसेपर्यंत खाली या. धोतराची चुणी हा माझा कायमचा मापदंड आहे, आणि प्रभातच्या संतपटात धोतरांची काही कमतरता नाही. दोन्ही एकमेकांवर थोडा परिणाम करतात, म्हणून ही फेरी दोनदा करा.

एवढं करूनही काळं फारच गाळ झालंय किंवा सगळंच फिकट आहे, असं असेल तर ‘एचडीएमआय रेंज’ किंवा ‘व्हिडिओ लेव्हल’ नावाचं सेटिंग बघा. लॅपटॉप एका पट्टीत सिग्नल पाठवतोय आणि प्रोजेक्टर दुसऱ्या पट्टीत वाचतोय, असं होतं. ‘फुल’ आणि ‘लिमिटेड’ असे दोन पर्याय असतात. दोन्हीकडे सारखं ठेवायचं, संपलं.

आणि एक गोष्ट कुठल्याच मेन्यूत नाही. प्रोजेक्टर काळा रंग टाकूच शकत नाही. अंधाराचा उजेड कसा टाकणार? पडद्यावरचं काळं म्हणजे तुमचा पडदा, आहे त्या उजेडात जेवढा काळा दिसेल तेवढाच. म्हणून मांडवातल्या लाइटच्या माळा, पार्किंगची ट्यूब, गेटवरचा फोकस, हे सगळं बंद करायला लावा. बाप्पासमोरचा दिवा राहू द्या, फक्त पडद्याकडे त्याचा उजेड येणार नाही असं बघा. वॉचमनकाकांना आधी सांगून ठेवलंत तर ऐन वेळी धावाधाव नको.

पिक्चर मोडचं थोडक्यात. ‘डायनॅमिक’ किंवा ‘ब्राइट’ मोडमध्ये दिव्याच्या प्रोजेक्टरवर चित्र हिरवट होतं. रंगीत सिनेमात ते खपून जातं, कृष्णधवल सिनेमात लगेच उघडं पडतं, कारण राखाडी रंगात हिरवा लपत नाही. ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ मोड घ्या, कलर टेंपरेचर ‘वॉर्म’ किंवा ६५०० के. ‘कलर’ किंवा ‘सॅच्युरेशन’ सरळ शून्यावर आणा, म्हणजे खराब फाइलमधले रंगीत डाग निघून जातात. पण मशीनचीच झाक हिरवी असेल तर ती यानं जाणार नाही, त्याला मोडच बदलायला हवा. शार्पनेस कमी. आणि हालचाल गुळगुळीत करणारं जे काही असेल, कंपनीनुसार नाव बदलतं, ते बंद. सेकंदाला २४ चौकटींचा सिनेमा त्यामुळे संध्याकाळच्या मालिकेसारखा दिसायला लागतो.

वेगावरून आठवलं. जुने मराठी सिनेमे आपल्याकडे बरेचसे व्हीसीडीवरून आलेत आणि आपल्या टीव्हीची पद्धत सेकंदाला २५ चौकटींची. २४ चा सिनेमा २५ नं चालवला की तो ४ टक्के जलद पळतो. १३१ मिनिटांचा ‘संत तुकाराम’ १२६ मिनिटांत संपतो आणि आवाजाची पट्टी किंचित चढते. म्हणून लांबी पाच मिनिटं कमी दिसली तर लगेच ‘सिनेमा कापलाय’ म्हणू नका. प्लेअरमध्ये वेग ०.९६ करता आला तर करून बघा. सोसायटीच्या कार्यक्रमाला एवढं नाही केलं तरी चालेल, पण पागनीसांचा आवाज कानात बसलेले कुणी असतील तर त्यांना फरक कळतो.

आवाज मात्र टाळण्यासारखा विषय नाही. ब्लूटूथ स्पीकर लावलात की आवाज ओठांच्या मागे पडतो. मारामारीच्या सिनेमात लोक सोडून देतात. अभंगात टाळ आधी दिसतो आणि मग वाजतो, तेव्हा हसू येतं. साधी वायर वापरा. आणि लॅपटॉपमधून थेट स्पीकरला द्या, प्रोजेक्टरच्या छोट्या स्पीकरच्या भरवशावर राहू नका. वायर नसेलच तर व्हीएलसीमध्ये ‘जे’ दाबला की आवाज ५० मिलिसेकंदांनी अलीकडे येतो, ‘के’नं पलीकडे जातो.

आता वेळेचं बघा, कारण खरी अडचण तिथे आहे. सप्टेंबरमध्ये पुण्यात सूर्य पावणेसातच्या आसपास मावळतो. सव्वासातपर्यंत उजेड रेंगाळतो. आणि उघड्यावर लाउडस्पीकर रात्री १० ला बंद करावा लागतो. काही ठराविक दिवशी १२ पर्यंत सवलत मिळते, पण तुमचा दिवस त्यात आहे का हे आधी बघा. म्हणजे आरती ७ ला उरकून साडेसातला सिनेमा सुरू केलात, तर ९ वाजून ४१ मिनिटांनी संपतो. हातात उरतात १९ मिनिटं. त्यात कार्यवाहांचं भाषण आणि खिरापत. सेटिंग करायला एक मिनिटही नाही. म्हणून हे सगळं आदल्या दिवशी, अंधार पडल्यावर, त्याच जागी, त्याच पडद्यावर करायचं. दुपारी घरात भिंतीवर लावून बघितलं, याला काही अर्थ नाही. झालं की मेन्यूत ‘युजर’ किंवा ‘मेमरी’मध्ये साठवून ठेवा आणि रिमोट स्वतःच्या खिशात ठेवा. हे शेवटचं मी गमतीनं म्हणत नाहीये.

हक्कांबद्दल कुणी विचारेल म्हणून सांगते. आपल्या कायद्यात सिनेमावरचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. १९३६ च्या सिनेमाची मुदत कधीच संपली. १९५३ च्या ‘श्यामची आई’ची सुद्धा. नव्या सिनेमाला मात्र परवानगी लागते, सोसायटीचा कार्यक्रम असला तरी आणि तिकीट नसलं तरी.

राहिला प्रोजेक्टरचा जीव. मेन्यूत ‘हाय अल्टिट्यूड’ दिसेल, त्याला हात लावू नका. तो साधारण १,५०० मीटरच्या वरच्या गावांसाठी असतो, हवा विरळ म्हणून पंखा जोरात फिरवतो. पुणे ५६० मीटरवर आहे. सिंहगडावर नेलात तरी लागणार नाही, कळसूबाईवर नेलात तर बघू! पण फिल्टर जरूर साफ करा, कारण मांडवात गुलाल, उदबत्ती आणि धूप, तिन्ही असतं. हवा आत ओढण्याची जाळी मूर्तीच्या बाजूला येऊ देऊ नका. सिनेमा संपल्यावर बटणानं बंद करा आणि पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नका. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर हे फारच महत्त्वाचं. खुर्च्या गोळा करणारी मुलं आधी एक्स्टेंशन बोर्ड गुंडाळतात, त्यांना तेवढं थांबवा.

पुढच्या भागात पडद्याबद्दल बोलू. चादर, फ्लेक्सची पांढरी मागची बाजू की भिंतीचा रंग, यावर बऱ्याच जणांचे मेसेज आलेत. तुमच्या सोसायटीत काय वापरता ते व्हॉइस मेसेज करून कळवा, तीस सेकंदांत बसवलंत तर भागात ऐकवता येईल.